डोंगरावरच्या घरी बसायला

१

झुरिकला आमचा दिवस असा जायचा. सकाळी मुलगा प्रसेनजित कामावर जाई. मागून सून सारिका नातीला, समताला, शाळेत सोडून तिच्या हापिसात जाई. मग त्या वरच्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघं म्हातारे उरत असू, मी आणि समताची आजी. तिचं नाव भिमाबाई, पण मी तिला नावानं हाक मारत नाही. आमच्या घरात ती रीत नव्हती.

पाय वाजवायचे नाहीत, खालचे लोक तक्रार करतात, असं सारिकानं सांगितलं होतं. म्हणून आम्ही घरातल्या घरात चोरासारखे चालायचो. चहा प्यायचो, खिडकीत बसायचो, तळ्यावरच्या होड्या पाहायचो. आणि रोज एकदा तरी तिचं ते सुरू व्हायचं.

"आजचा दिवस गेला. आता किती राह्यले हो?"

"होतील थोडेच. तिकीट काढेल हाय ना पोरानं."

"पाहा, मले इथं काई झालं तं इथं ठेवू नका. आपल्या गावी, देऊळघाटले न्या. शब्द द्या."

"तुले काय होते? टाकीसारखी ठणठणीत हायेस."

"टाकी तं गळते म्हणा. शब्द द्या."

मी शब्द दिला होता. रोज मागायची, रोज देत होतो. तिला सोबत आणलं होतं, सोबत परत न्यायचं होतं. त्या तीन महिन्यांत माझ्या डोक्याला दुसरं काम नव्हतं.

२

घरात बसून जीव आंबतो म्हणून प्रसेनजितनं आम्हाला ट्रामचा पास काढून दिला. मग आम्ही रोज थोडं फिरून येऊ लागलो. डोंगराच्या अंगावर मोठ्या लोकांची घरं आहेत, ती पाहून या, असं तो एक दिवस म्हणाला. आणि हसून पुढं म्हणाला, "बाबा, हे देऊळघाट नाही बरं. उघडं दार दिसलं की घुसले, असं करू नका."

"घुसत नसतो बे मी. लोक बोलावतात."

"इथं कोणी बोलावत नाही."

ते खरंच होतं. निळी ट्राम वर जाऊन थांबली तेव्हा उतरणारे आम्ही दोघंच. मी सारी उमर गवंडीकाम केलं, त्यामुळे घर दिसलं की माझा हात आपोआप भिंतीकडे जातो. काय ती घरं! एकेका घराला दगडी कुंपण, आत बाग, बागेत हिरवं गवत कात्रीनं कापल्यासारखं. भिंतीला कुठं भेग नाही, ओल नाही.

समताची आजी मागून येत होती. पायात सुनेनं घेऊन दिलेले पांढरे बूट, वरून लुगडं, अंगावर समताच्या आईचा स्वेटर.

"एवढं घर झाडाचं म्हटलं तं एका बाईचा दिवस गेला," ती म्हणाली.

"यायच्या घरी मशीन झाडते."

"मंग बाया काय करतात?"

"मशीन पाहात बसतात."

ती हसली. रस्त्याच्या कडेला दगडी हौद होता, त्यात नळाचं पाणी अखंड पडत होतं. तिनं ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंडावर मारलं, पदरानं पुसलं. "आपल्या विहिरीवानी थंड हाय," म्हणाली. त्या शहरात तिला आवडलेली ही एकच गोष्ट.

मग आम्ही रस्त्यामागून रस्ते चाललो. दुपार झाली. माणूस मात्र दिसलं नाही. गाड्या उभ्या होत्या, खिडक्यांचे पडदे स्वच्छ होते, कुत्र्याचा आवाजही नव्हता. मीच मनाशी म्हटलं, कामावर गेले असतील. एवढं घर बांधायचं तर कमवावं लागतंच.

३

एका वळणावर एक घर होतं, बाकीच्या घरांहून जुनं. त्याचं दार सताड उघडं होतं.

पायऱ्यांवर जोडे काढून ठेवलेले होते. थोडेथोडके नाही. डाव्या अंगाला पुरुषांचे, उजव्या अंगाला बायकांचे. आपल्याकडे मयतीच्या घरी असतात तसेच. आतून बोलण्याचा आवाज नव्हता, भांड्याचा नव्हता. फक्त पुष्कळ माणसं एका जागी गप्प बसली की घराला जो एक भार येतो, तो होता.

आम्ही दोघं थांबलो.

"कोणी गेलं वाटते," ती हळूच म्हणाली.

"दिसते तं तसंच."

"मंग? तसंच पुढं जाचं?"

आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झाली आणि आपण दारावरून चाललो, तर जरा बसावं लागतं. ओळख असो की नसो. जातपात त्या वेळेस कोणी पाहत नाही. पुरुषांनी बाहेरच्या खोलीत बसायचं, बायकांनी आत. बोलायचं काही नाही. चहापाणी कोणी विचारत नाही. थोडा वेळ झाला की उठायचं आणि निरोप न घेता निघायचं. बसाले जाणं म्हणतात त्याला. मला वाटलं, पाहा, देश कोणताही असो, दुःखाला रीत एकच आहे. पोराचं बोलणं आठवलं होतं. पण ते घुसण्याबद्दल होतं. हे घुसणं नव्हतं.

बूट काढताना मला दिसलं की बऱ्याच जोड्यांत वाळका पाला भरलेला आहे. एका बाईच्या चामडी जोड्यात तर पाल्याखाली हिरवं शेवाळ धरलं होतं. मी तिथं एक क्षण वाकून राहिलो. मग म्हटलं, डोंगराळ भाग आहे, वारा सुटत असेल, ओल धरते. समताच्या आजीनं आपले पांढरे बूट बायकांच्या बाजूला नीट जोडून ठेवले आणि पदर डोक्यावर घेतला.

४

बाहेरची खोली लांब होती. भिंतींना लागून खुर्च्या, खुर्च्यांवर पुरुष. काळे कोट, हात गुडघ्यांवर. बहुतेक माझ्याच वयाचे. सगळ्यांची तोंडं उघड्या दाराकडे होती, म्हणून आत येताना वाटलं की ते माझ्याकडे पाहत आहेत. मी बाजूला झालो तरी त्यांची नजर दारावरच राहिली. बाहेरगावाहून मयत आणायची असते तेव्हा लोक असे रस्त्याकडे डोळे लावून बसतात.

आतल्या खोलीच्या दारात एक बाई उभी होती. तिनं समताच्या आजीकडे पाहून मान हलवली, जणू म्हणाली, इकडे या. ती आत गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं उठू, एवढंच त्या पाहण्यात होतं.

मला खुर्चीत बसवेना. मयतीच्या घरी उंचावर बसायची मला सवय नाही. मी भिंतीशी फरशीवर मांडी घातली. लाकडी फरशी होती, गुळगुळीत, आणि थंड.

शेजारच्या म्हाताऱ्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग तो खुर्चीवरून उतरला आणि माझ्यासारखाच खाली बसला. त्याला मांडी घालता येत नव्हती. त्यानं हातानं आपले पाय ओढून दुमडले. हाड वाजल्याचं मी ऐकलं. त्याच्या पलीकडचा उतरला. मग त्याच्या पलीकडचा. एकेक करून सगळे खाली आले, पाय ओढून दुमडत, एकही शब्द न बोलता. खुर्च्या रिकाम्या झाल्या.

पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून करत असतील. मोठे लोक, मोठी रीत. असं मी म्हटलं. पण मी कपाळावरचा घाम पुसायला हात उचलला तेव्हा खोलीभर हात उचलले गेले, आणि मग मी काही हललो नाही.

५

मयत कुठं आहे ते दिसत नव्हतं. फोटो नव्हता, फूल नव्हतं, मेणबत्ती नव्हती. आम्ही जयभीमवाले. माझ्या बापानं घरातले देव पैनगंगेत सोडले तेव्हा मी रांगत होतो. भुताखेताला आमच्या घरात जागा नाही आणि मला त्याची भीतीही कधी वाटली नाही. तेव्हाही जे वाटत होतं ते भुताचं भय नव्हतं. चुकीच्या घरी आलो, असं वाटत होतं. लग्नाला म्हणून जावं आणि मांडव दुसऱ्याचाच निघावा, तसं.

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं.

तो समताच्या आजीचा आवाज होता. कोणी रडत नसेल तर मयतीच्या घरी जाणत्या बाईनं सुरुवात करून द्यायची असते, म्हणजे घरच्यांचा कढ मोकळा होतो. गावात ते काम तिच्याकडेच असे. "माय वं... कुठी गेलीस वं माय... आम्हाले टाकून कुठी गेलीस..." परक्या देशातल्या घरात आपल्या बाईचा तो सूर ऐकून मला गलबलून आलं.

मग दुसरी एक बाई तिच्यासोबत रडू लागली. तिसरी. मला आधी बरं वाटलं, मोकळ्या झाल्या बिचाऱ्या. मग लक्षात आलं की शब्द तेच आहेत. "कुठी गेलीस वं माय." त्या बायांना आमची बोली कुठून येणार? आणि थोड्याच वेळात आवाजही तोच झाला. आत दहा बाया असतील की वीस, सगळ्यांच्या गळ्यातून एकच बाई रडत होती, आणि ती माझी होती.

आणि ते एकदम थांबलं. मधेच, अर्ध्या शब्दावर.

६

आता उठायला हवं होतं. मी वाट पाहिली की ती बाहेर येईल. आली नाही. बायकांच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं, आणि मयतीच्या घरात मोठ्यानं हाकही मारायची नसते. या दोन गोष्टींनी मला तिथं बांधून ठेवलं. किती वेळ ते सांगता येत नाही. दारातलं ऊन सरकून पायऱ्यांवर गेलं.

शेवटी उठलो. माझ्या मागं सगळे पुरुष उठल्याचं मी ऐकलं. मी मागं वळलो नाही.

आतल्या खोलीत बाया माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, तोंडं भिंतीकडे. सगळ्यांनी डोक्यावरून काहीतरी ओढून घेतलं होतं. कोणी शाल, कोणी पडदा, कोणी मेजावरचं पांढरं कापड. आणि सगळ्यांची पाठ तशीच वाकलेली, डावा खांदा जरा खाली, जन्मभर डोक्यावर टोपली वाहिलेल्या बाईचा असतो तसा. मी लुगडं शोधलं. खोलीत उजेड कमी होता. मला माझं माणूस ओळखता येईना.

"चाल वं, समताची आजी," मी म्हणालो. "उशीर झाला. चाल घरी."

कोणी हललं नाही. मग मधल्या रांगेतली एक उठली. वळली. लुगडं होतं. तोंड तिचं होतं. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"चाला," ती म्हणाली.

पायऱ्यांवर तिनं ते शेवाळलेले चामडी जोडे घेतले. त्यातला पाला झटकला आणि पाय घातले.

"अवं, थे तुहे नाईत. तुहे पांढरे हायेत."

"मंग हे कोनाचे?" ती म्हणाली आणि चालू लागली. जोडे तिच्या पायात बरोबर बसले होते.

दारात उभं राहून जोड्यांवरून वाद कसा घालायचा? मी तिचे पांढरे बूट उचलायला वाकलो. उचलले नाहीत. मला त्यांना हात लावावासा वाटला नाही, का ते सांगता येत नाही.

७

उतारावर तो हौद लागला. ती थांबली नाही. ट्राममध्ये खिडकीशी बसली. तिला अक्षर वाचता येत नाही, आपलंही नाही आणि त्यांचंही नाही. तरी स्टॉप यायच्या आधी ती ओठात त्याचं नाव पुटपुटायची, आणि मग वरच्या कर्ण्यातून तेच नाव यायचं.

"तुले कसं मालूम?"

"रोज ऐकून राह्यलो ना आपन."

खरंच होतं. रोज ऐकत होतो. पण मला एकही नाव पाठ नव्हतं.

रात्री जेवताना सारिका म्हणाली, "आई आज किती शांत आहेत. बरं वाटत नाही का?"

"मले काय झालं? चांगली हाय."

प्रसेनजितनं गावच्या गोष्टी काढल्या. तिनं सगळ्यांची बरोबर उत्तरं दिली. कोणाची गाय, कोणाची सोयरीक, कोणत्या साली पाऊस नव्हता. एकही चूक नाही. मी ताटावर बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, दयाराम, म्हातारपणात डोकं फिरलं तुझं. बाई दमली आहे.

फक्त, त्या दिवसापासून तिनं दिवस किती राहिले हे विचारलं नाही. माझ्याकडून शब्दही मागितला नाही.

८

जायच्या आदल्या दिवशी मी प्रसेनजितला त्या घरी घेऊन गेलो. बूट राहिले एवढंच सांगितलं.

दार बंद होतं. पायऱ्या धुतल्यासारख्या कोऱ्या. घंटा वाजवली, कोणी आलं नाही.

"बाबा, हेच घर कशावरून? इथं सगळी सारखी दिसतात."

"हेच हाय बे. मी गवंडी हाय, घर चुकत नाही मी."

"बरं, हेच. मग आता? माणसं गेली असतील आपापल्या घरी. बुटांचं काय घेऊन बसले, दुसरे आणू."

मी भिंतीला कान लावला. दगड थंड होता. आत फार खोल कुठंतरी, तळघरात म्हणा की त्याच्याही खाली, एक बाई रडत होती. थकून, हळू. "माय वं..."

"ऐकू येऊन राह्यलं का तुले?"

त्यानं ऐकलं. "बाबा, तो बागेचा पंप आहे." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला वळवलं, लहान पोराला जत्रेतून वळवतात तसं. मी काय सांगणार होतो त्याला? तुझी आई घरी सारिकासोबत बॅगा भरते आहे, तिला मी स्वतः पाहून आलो, आणि तरी हे दार फोड म्हणून? वळताना वाटलं, मी तिला दुसऱ्यांदा तिथं सोडून चाललो आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं विमानात बसलो. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. डोकं जड नव्हतं.

९

देऊळघाटला येऊन आता पावसाळा सरला. ती पहाटे उठते, भाकरी टाकते, माझी औषधं वेळेवर देते. दुपारी आतल्या खोलीत जाते आणि भिंतीकडे तोंड करून बसते.

आधी शेजारची जयमाला आली होती, विरजण मागायला. आत गेली ती संध्याकाळीच बाहेर आली, विरजण न घेता. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग जनकाबाई आली. मग बाकीच्या, एकेक. उजव्या अंगाला चपला काढून आत जातात. बायांमागून त्यांचे पुरुष येऊ लागले, ते ओसरीवर माझ्याजवळ बसतात. अर्जुनराव तर चौकात दिवसभर बोलणारा माणूस. तोही गप्प बसतो.

"अर्जुनराव, कोन गेलं म्हून आले तुम्ही?" मी एकदा विचारलंच.

"तुम्ही बसेल दिसले," तो म्हणाला. "मंग आमी बसलो."

काल दुपारी मी दारात उभा होतो. ओसरीवरचे सगळे रस्त्याकडे पाहत होते, म्हणून मीही पाहिलं. नदीच्या पुलाकडून एक बाई येत होती. लांब होती, उन्हानं डोळे दिपत होते, तोंड दिसत नव्हतं. अनवाणी होती. चार पावलं टाकायची, थांबायची, गुडघ्यावर हात ठेवून दम खायची आणि पुन्हा निघायची. फार लांबून आल्यासारखी. एकदा तिनं मान वर करून आमच्या घराकडे पाहिलं.

आत सगळ्या बाया एकदम उठल्या. बांगड्या वाजल्या.

"दार लावून घ्या हो," समताची आजी माझ्या कानामागून म्हणाली. ती केव्हा जवळ आली ते मला कळलं नव्हतं. आवाज तिचाच होता. तिनं कधी मला असं गोड सांगितलं नसेल. "ऊन लागते तुम्हाले. चाला आत."

माझा हात कडीवर गेला. अर्जुनरावाचा हात उचलला गेला आणि हवेत तसाच थांबला, मूठ वळून, कडी धरल्यासारखा. मग त्याच्या पलीकडच्या भागवतचा. मग सगळ्यांचे. त्यांचे डोळे माझ्यावर होते. मी काय करतो तेच ते करणार होते.

बाई रस्त्याकडेच्या वडाशी येऊन थांबली होती.

मी कडी सोडली आणि पायरी उतरलो. माझ्या मागं कोणी उतरलं नाही. फाटकापर्यंत गेलो नसेन तोच दार लागल्याचा आवाज आला, आणि आतून कडी बसली. मग ओसरीवर, एकामागं एक, नसलेल्या कड्या बसत गेल्या. लोखंडावर लोखंड, अगदी स्पष्ट.

मी मागं वळून पाहिलं नाही. उन्हात डोळ्यांवर हात धरला आणि वडाकडे चालू लागलो.